खेळाला गाणं देणाऱ्या



आम्ही बचत गटांचं काम पाहणाऱ्या बायका. आमच्या तोंडून तुम्ही एरवी कर्जाचे हप्ते, शेवया-पापडाचं पॅकिंग, बँकेची केवायसी अशाच गोष्टी ऐकता. आजचा विषय वेगळा आहे. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर मुलं गेम खेळतात, तेव्हा मागं एक संगीत वाजत असतं. ते कोण करतं, कसं करतं, त्याची सुरुवात कुठं झाली आणि त्यात बायांचा हात किती, याचा इतिहास आज सांगायचा आहे.

हाच विषय का घेतला, तेही सांगतो. गटाच्या बैठकीत गेमचा विषय निघाला की बायका आधी कपाळाला हात लावतात. कुणाच्या पोरानं रमीत पैसे घालवलेले, कुणाच्या दिराचा पगार त्यात गेलेला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तो अशाच तक्रारी देशभर झाल्या म्हणून. पण पैसे लावायचा जुगार वेगळा आणि गोष्ट सांगणारा, चित्रांचा, कोडी सोडवायचा खेळ वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या खेळाला लेखक लागतो, चित्रकार लागतो आणि गाणं करणाराही लागतो. ते काम आहे, त्याचे पैसे मिळतात. आपल्या गावात गळा असलेल्या आणि बारावीनंतर कॉम्प्युटर शिकलेल्या मुली आहेत. त्यांच्यापर्यंत ही माहिती जावी, एवढ्यासाठी हा विषय.

खेळाला गाणं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पंचमीचा झोका, फुगडी, झिम्मा, मंगळागौरीचे खेळ, हादगा, यातला एकही खेळ मुक्यानं होत नाही. आणि ही गाणी नुसती ऐकायला केलेली नाहीत. ती खेळ चालवतात. फुगडीचा वेग वाढला की गाण्याची चाल आपोआप जलद होते, आणि दम लागला की गाणं थांबतं. हाद्ग्याला पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एक वाढतं. खेळ किती पुढं गेला, ते गाण्यांच्या संख्येवरून कळतं.

यात्रेतला कुस्तीचा फड आठवा. हलगीवाल्याचं सगळं लक्ष मल्लांवर असतं. दोघं नुसते हात झटकत फिरत असतात तेव्हा हलगी सावकाश. पकड बसली की ठेका चढतो. पाठ टेकायची वेळ आली की हलगी अशी कडाडते, की मागं बसलेल्या माणसालाही न बघता कळतं काय चाललंय ते. आपल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. मुखवटे घातलेली सोंगं एकामागून एक येतात आणि संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर नाचतात. सोंग बदललं की रंग बदलतो.

या तीन गोष्टी लक्षात ठेवा. खेळाबरोबर वेग बदलणारं वादन, खेळ पुढं जाईल तसं वाढणारं गाणं, आणि प्रत्येक पात्राची वेगळी चाल. गेमच्या संगीतात गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत जे जे झालं, ते या तीन गोष्टींत बसतं.

सुरुवात करू १९७८ पासून. जपानमध्ये तायतो नावाच्या कंपनीनं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा गेम आणला. बनवणाऱ्याचं नाव तोमोहिरो निशिकादो. आकाशातून शत्रूंच्या रांगा खाली येतात आणि खेळणाऱ्यानं त्या उडवायच्या. त्यात फक्त चार स्वर होते, वरून खाली उतरणारे, पुन्हा पुन्हा वाजणारे. शत्रू कमी होत गेले की उरलेले जोरात पळायचे आणि त्यांच्याबरोबर हे चार स्वरही जोरात वाजायचे. गंमत म्हणजे, पडद्यावर शत्रू कमी झाले की मशीनवरचं काम हलकं व्हायचं आणि ते भराभर चालायचं. त्यातून हा वेग आला, आणि निशिकादोंनी तो तसाच ठेवला. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हायची. हलगीवाला जे डोळ्यांनी बघून करतो, ते तिथं मशीननं केलं.

पुढं घरोघरी टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं आली. १९८५ मध्ये निन्तेंदो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. त्याचं संगीत कोजी कोन्दो यांचं. त्या यंत्रात एका वेळी पाचच आवाज निघायचे. दोन सुरासाठी, एक खालच्या पट्टीसाठी, एक नुसत्या खरखरीचा, त्यातून ढोलासारखा ठेका काढायचा, आणि पाचवा एखाद्या छोट्या रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी. उडी मारल्याचा, नाणं मिळाल्याचा आवाजही यातूनच काढावा लागायचा, म्हणजे तेवढा वेळ गाण्यातला एक आवाज बाजूला सारायचा. जागाही अगदी थोडी. म्हणून छोटीशी धून करायची आणि ती अशा जागी संपवायची की पुन्हा पहिल्या स्वरावर जाताना सांधा दिसू नये.

जात्यावर बसलेल्या बाईला हे लगेच समजेल. पायलीभर दळण असो नाहीतर अधोलीभर, चाल तीच, पण ती पुन्हा पुन्हा येऊनही कंटाळा येत नाही. दळण कधी संपेल ते गाण्याला माहीत नसतं. गेमचंही तसंच असतं. एखादा खेळाडू दोन मिनिटांत पुढं जाईल, एखादा अर्धा तास तिथंच अडकेल. गाणं दोघांनाही पुरलं पाहिजे. सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा आहे ते ठाऊक असतं. गेमच्या संगीतकाराला ते कधीच ठाऊक नसतं. ही कला अवघड आहे ती त्यामुळं. मारिओची ती धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. त्या यादीत गेलेलं ते गेमचं पहिलं संगीत.

आता बायांकडं वळू, कारण इथून पुढचा इतिहास पुष्कळ जणींना माहीत नसतो.

त्याच काळात जपानी कंपन्यांना गेमसाठी धून करणारी माणसं हवी होती. काम नवं होतं, त्याला मोठी प्रतिष्ठा नव्हती. मोठे नावाजलेले संगीतकार तिकडं कशाला जातील? पण पियानो शिकून बाहेर पडलेल्या मुलींना ती नोकरीची संधी वाटली. जुन्को ओझावा या नामको कंपनीत काम करायच्या. ‘द टॉवर ऑफ द्रुआगा’ या १९८४ च्या गेमचं संगीत त्यांचं. किनुयो यामाशिता इलेक्ट्रॉनिक्स शिकून कोनामी कंपनीत लागल्या, आणि लागल्या लागल्या त्यांच्या वाट्याला १९८६ चा ‘कॅसलव्हेनिया’ हा गेम आला. मानामी मात्सुमाए यांनी कॅपकॉम कंपनीसाठी १९८७ च्या ‘मेगा मॅन’चं संगीत केलं. योको शिमोमुरा ओसाकाच्या संगीत महाविद्यालयातून १९८८ मध्ये बाहेर पडल्या. पियानो शिकवायची नोकरी करणं ही सरळ वाट होती. ती सोडून त्या कॅपकॉममध्ये गेल्या, तेव्हा घरच्यांना धक्काच बसला. १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ हा त्यांचा गाजलेला गेम. त्यात वेगवेगळ्या देशांचे लढवय्ये, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. त्यातली बहुतेक सगळी शिमोमुरांची. आपल्या बोहाड्यातल्या सोंगांसारखंच ते.

या मुलींच्या धुनी जगभर कोट्यवधी घरांत वाजल्या. पण नावं? तिथं खरी गोम आहे. चांगली माणसं दुसरी कंपनी पळवून नेईल, या भीतीनं अनेक कंपन्या गेमच्या शेवटी खरी नावं द्यायच्याच नाहीत. टोपणनावं द्यायची. मात्सुमाए यांचं नाव एका लाडक्या टोपणनावात गेलं. यामाशितांच्या कामावर तर ‘जेम्स बनाना’ असं एका परदेशी पुरुषाचं थट्टेचं नाव आलं. ऐकणाऱ्याला कुठून कळणार की ही धून एका तरुण मुलीनं केली आहे? आणि त्या नोकरीत होत्या, म्हणजे पगार मिळाला, पण धून कंपनीच्या मालकीची झाली.

हे ऐकताना आपल्या जिल्ह्यातली एक बाई आठवते. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा. तमाशात बायांची कामं पुरुष करायचे, त्या काळात ती फडावर उभी राहिली. शाहीर पट्ठे बापूरावांच्या लावण्या तिच्या गळ्यातून महाराष्ट्रानं ऐकल्या. लावणीच्या शेवटी शाहिराची नाममुद्रा असते. गाणारीची मुद्रा कुठं असते? पवळेचं नाव राहिलं ते लोकांनी तोंडी जपलं म्हणून. तिच्यामागून आलेल्या कितीतरी जणींचं तेवढंही राहिलं नाही.

आता एका लोकगीताची गोष्ट. मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव या माणसानं १९८४ मध्ये ‘टेट्रिस’ नावाचा गेम केला. वरून पडणारे ठोकळे फिरवून खाली नीट रचायचे, एवढाच खेळ. १९८९ मध्ये तो निन्तेंदोच्या हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’ यंत्राबरोबर आला. त्यात एक जुनी रशियन लोकधून वाजते, ‘कोरोबेइनिकी’. कोरोबेइनिकी म्हणजे खेडोपाडी फिरून कापड-चोपड विकणारे फेरीवाले. त्याचे शब्द नेक्रासोव या कवीच्या १८६१ च्या कवितेवरून आले, पण चाल लोकांची. हिरोकाझु तानाका या संगीतकारानं ती यंत्रासाठी बसवली. गेम बॉयवरच्या टेट्रिसच्या साडेतीन कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. आज जगात ती चाल ऐकून माणसं ‘टेट्रिसचं गाणं’ म्हणतात. ज्या खेड्यांत ती आधी गायली गेली, त्यांचं नाव कुणी घेत नाही, आणि त्यांना काही मिळायचा प्रश्नच आला नाही. लोकगीताला कायद्यानं मालक नसतो.

यात कुणी चोरी केली असं आम्ही म्हणत नाही. चाल अशीच गावोगाव फिरत असते. माहेरची ओवी सासरी जाते, सासरची पुढं लेकीच्या सासरी. पण गावातून गावात जाणं वेगळं आणि गावातून बाजारात जाणं वेगळं. बाजारात गेलं की पैसा होतो, आणि तो कुणाचा, हे विचारावं लागतं.

पुढच्या तीस वर्षांत एक मोठा बदल झाला. आधी गेम करायला मोठी कंपनी, कारखाना, दुकानं लागायची. इंटरनेटवरून गेम थेट विकता यायला लागला तशी दोन-चार जणांची छोटी टोळकीही गेम करायला लागली. यांना स्वतंत्र गेम किंवा ‘इंडी’ गेम म्हणतात. आपल्याकडं मोठा कारखाना आणि बचत गटाचा गृहउद्योग यांत जो फरक, तसाच समजा. भांडवल थोडं, माणसं थोडी, पण ठरवायचं आपणच. ‘अंडरटेल’ हा २०१५ चा गेम टोबी फॉक्स या तरुणानं जवळजवळ एकट्यानं केला, संगीतही त्याचंच. ‘शॉवेल नाइट’ या २०१४ च्या गेममध्ये मुख्य संगीतकाराबरोबर दोन धुनी मानामी मात्सुमाए यांच्या आहेत, आणि या वेळी त्यांच्या खऱ्या नावानं. ‘सेलेस्ट’ हा २०१८ चा गेम. एक मुलगी मनातल्या भीतीशी झगडत डोंगर चढते. त्याचं संगीत लीना रेन यांनी केलं. मुलगी वर चढत जाते तसे संगीतात वाद्यांचे थर वाढतात आणि भीती वाटते तेव्हा ते गळून पडतात.

मान्यताही हळूहळू आली. ग्रॅमी या मोठ्या संगीत पुरस्कारात २०२३ मध्ये गेमच्या संगीतासाठी स्वतंत्र विभाग झाला आणि पहिलाच पुरस्कार स्टेफनी इकोनोमू या बाईंना मिळाला. २०२५ मध्ये तोच पुरस्कार विनिफ्रेड फिलिप्स यांना मिळाला. आणि योको शिमोमुरा? टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात, जुलै २०२१ मध्ये, देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले तेव्हा ज्या गेमच्या धुनी वाजल्या, त्यात त्यांच्याही होत्या. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा या संस्थेनं त्यांना फेलोशिप हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. ज्या नोकरीचं नाव ऐकून घरच्यांना धक्का बसला होता, तिच्यात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली होती.

आता आपल्याकडं येऊ. पुण्याला ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाची छोटी कंपनी आहे. त्यांनी ‘राजी’ नावाचा गेम केला. राजी ही मुलगी आहे. असुर तिच्या धाकट्या भावाला पळवून नेतात आणि दुर्गा आणि विष्णूच्या आशीर्वादानं ती त्याला शोधायला निघते. चित्रं जुन्या पहाडी शैलीची, मधल्या गोष्टी छाया-बाहुल्यांच्या खेळातून सांगितलेल्या. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम बाहेर आला आणि त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या मोठ्या सोहळ्यात, पहिलाच स्वतंत्र गेम करणाऱ्यांच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. पुण्यातल्या एका छोट्या गटाचं काम जगातल्या निवडक पाचांत गेलं.

‘राजी’चं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. आपली वाद्यं आणि तिकडची वाद्यं त्यांनी एकत्र वाजवली आणि ते मुलांना आवडलं. गेमच्या धंद्यात देशाची हद्द अशी राहत नाही. पुण्याचा गेम, ग्रीसचा संगीतकार. पण मग उलटंही होऊ शकतं, हा आमचा मुद्दा आहे. ग्रीसच्या गेमला अकोल्याची किंवा पाथर्डीची वाजवणारी का असू नये?

असं होऊ शकतं याचं एक जवळचं उदाहरण आहे. ‘वेंबा’ नावाचा गेम २०२३ मध्ये कॅनडातल्या एका छोट्या स्टुडिओनं केला. त्यात एक तमिळ बाई नवऱ्याबरोबर कॅनडाला जाते. आईच्या फाटलेल्या, डाग पडलेल्या वहीतून पदार्थ करायचे, हाच खेळ. इडली करायची, पुट्टू करायचं. आणि स्वयंपाक करताना घरात रेडिओ वाजत असतो. त्यावरची गाणी वेगवेगळ्या दशकांतल्या तमिळ सिनेगाण्यांच्या धाटणीची, पण सगळी नवी केलेली. आल्फा समथिंग या नावानं काम करणाऱ्या संगीतकारानं ती केली आणि गाणाऱ्यांकडून ती गाऊन घेतली. चूल, रेडिओ आणि आईची वही यांवर केलेल्या या गेमला २०२४ मध्ये बाफ्टाचा पहिल्या गेमसाठीचा पुरस्कार मिळाला. स्वयंपाकघर हा विषय होत नाही, असं आता कुणी म्हणू नये.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं, तेही थोडक्यात सांगतो. गेम करणारे संगीतकाराला आधी यादी देतात. इतक्या जागा आहेत, इतकी पात्रं आहेत, जिंकल्यावर छोटा तुकडा हवा, हरल्यावर एक, दार उघडलं की एक. मुख्य धून एक-दोन मिनिटांची, पण न संपणारी. मग तीच धून थरांत तोडून द्यायची. नुसता ठेका वेगळा, त्यावरचा सूर वेगळा, गळा वेगळा. खेळणारा शांत फिरत असेल तर एकच थर वाजतो, संकट आलं की दुसरा चढतो. हे थर केव्हा चढवायचे-उतरवायचे, त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर असतात. आवाज नुसते रेकॉर्ड करून कापायला ‘ऑडॅसिटी’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही चालतं. मोबदला सहसा किती मिनिटांचं संगीत दिलं त्यावर ठरतो. काही ठिकाणी आधी थोडे पैसे आणि मग विक्रीतला वाटा, असंही ठरतं.

छोट्या गेमवाल्यांना कमी पैशात वेगळा आवाज हवा असतो. हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं, जात्याची घरघर, बैलाच्या घुंगरांचा आवाज, पंचमीच्या झोक्याचं करकरणं. हे शहरातल्या स्टुडिओत मिळत नाही, आपल्याकडं उंबऱ्यावर मिळतं. महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी धोरण आणलं आहे. या कामाची चर्चा मुंबई-पुण्यात चालली आहे. ती नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगरात, कधी येईल याची वाट बघत बसायचं की तयारी करायची, हे आपण ठरवायचं.

तयारी म्हणजे आधी कागद. एकदा आमच्या काही बायकांची गाणी एका कार्यक्रमासाठी रेकॉर्ड केली गेली. बायकांनी हौसेनं गायली, चहापाणी झालं, फोटो झाले. पुढं ती गाणी वाजली तेव्हा नावाच्या जागी एकच शब्द होता, ‘पारंपरिक’. आठ बाया गायल्या होत्या. एका मावशीनं तर त्यातली दोन कडवी स्वतः बांधली होती.

कायदा काय म्हणतो ते ऐका. आपल्याकडं कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. एखादीनं स्वतः नवी चाल किंवा नवे शब्द केले, तर हक्क तिचा. ती असेपर्यंत आणि तिच्यानंतर साठ वर्षं. पगारी नोकरीत केलं तर तो हक्क सहसा मालकाचा होतो, म्हणून करारात काय लिहिलंय ते वाचायचं. जुनं, कुणी केलं ते माहीत नसलेलं गाणं असेल तर चालीवर हक्क नाही, पण ते गाणाऱ्या बाईच्या गाण्यावर तिचा हक्क आहे. त्याला कलाकाराचा हक्क म्हणतात आणि तो पन्नास वर्षं टिकतो. विकण्यासाठी तिचं गाणं रेकॉर्ड करायचं तर तिची संमती हवी. आणि गाणारीण म्हणून नाव सांगितलं जाण्याचा हक्क तिला आहे, पैसे घेऊन बाकीचे हक्क देऊन टाकले तरीही.

नावं लिहून ठेवली की काय होतं, त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गी पोइट्वँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यातल्या आपल्या संस्थेतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. हजारावर गावांतून, तीन हजारांहून जास्त बायांकडून, एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-तंत्रज्ञानी त्यांची ध्वनिमुद्रणं करायला मदत केली. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनं त्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवल्या आहेत. त्यात ओवीबरोबर गाणारणीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. तिथं कुणी नुसतं ‘पारंपरिक’ लिहून मोकळं झालं नाही. आपल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो घरोघरच्या बायांनी राखलेलं गावरान बियाणं जपलं म्हणून. ते बियाणंही कितीतरी वर्षं बिननावाचंच होतं.

आता एक अडचण, आणि तिच्यावर आमच्यात एकमत नाही. काही बाया म्हणतात, ओवी विकायची नसते, ती देवीची आणि माहेरची. पैशाला लावली की तिचं पावित्र्य जातं. दुसऱ्या म्हणतात, आपण विकणार नाही, पण दुसरा विकेलच, मग आपल्या लेकीच्या हातात चार पैसे का येऊ नयेत? दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आमचा आग्रह एवढाच, की कुठलं गाणं द्यायचं आणि कुठलं घरातच ठेवायचं, हे गाणाऱ्या बाईनं ठरवावं. तिला न विचारता ते दुसऱ्या कुणी ठरवू नये. तिच्या नवऱ्यानं नाही, सरपंचानं नाही आणि आम्हीही नाही.

त्यासाठी एक सोपं काम सुचवतो. गटाचं इतिवृत्ताचं रजिस्टर आपल्याकडं असतंच. त्याच्या मागच्या पानांवर एक तक्ता आखा. गाणं कोणतं, कोण गाते, तिला ते कुणाकडून मिळालं, कुठल्या गावचं, त्यात तिनं स्वतःचं काय घातलं, आणि ते बाहेर द्यायला तिची हरकत आहे की नाही. खाली तिची सही, नाहीतर अंगठा. रेकॉर्डिंगला कुणी आलं तर त्यांच्याकडून कागदावर घ्यायचं, कशासाठी वापरणार, नाव कुठं देणार, पैसे किती आणि केव्हा. एक प्रत आपल्याकडं ठेवायची. ज्या मुलींना गाणं आणि कॉम्प्युटर दोन्हींची आवड आहे, त्यांनी गावातलं एखादं वाद्य दहा-दहा मिनिटं शांत खोलीत फोनवर रेकॉर्ड करून पाहावं आणि त्यातून एक मिनिटाची, न संपणारी धून जुळवून पाहावी. सांधा दिसला तर परत करायची.

या महिन्याच्या बैठकीत कर्जवाटपाचा विषय झाला की हा तक्ता काढा. सगळ्यात आधी गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, कारण तिची गाणी आपल्याला सगळ्यात आधी लिहायला हवीत.